येते हं

१

बाईंना कुठूनही निघायला अर्धा तास लागतो, हे चष्मेवाल्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं होतं. पिशवी उचलून झाली, चपला पायात गेल्या, दार उघडलं, की मग बाईंचं खरं बोलणं सुरू व्हायचं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून त्या समोरच्या घरातल्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं विचारून घ्यायच्या आणि शेवटी मान किंचित कलती करून म्हणायच्या, "येते हं." हे 'येते हं' औषधाच्या दुकानदाराला मिळायचं, बँकेतल्या कॅशियरला मिळायचं, जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही मिळायचं. 'जाते' म्हणून कोणीच निघत नाही. पण बाई ते अशा काही म्हणायच्या, की समोरच्याला वाटावं ही संध्याकाळी खरंच परत येणार.

"अगं, त्याला कसलं येते सांगतेस? मीटर बघायला आला होता तो," चष्मेवाले म्हणायचे.

"मग काय झालं? माझ्या तोंडातून दुसरं निघतच नाही."

लग्न झाल्यापासूनची अडतीस वर्षं चष्मेवाल्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं होतं. बाई घरीच शिवणाचा क्लास घ्यायच्या, म्हणून त्या सगळ्या गल्लीच्या बाई. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून बाईंचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पाचव्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसापर्यंत पोचली. डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना बाजूला घेऊन "मुलाला बोलावून घ्या," एवढंच सांगितलं. त्या चार दिवसांत चष्मेवाले देवाधर्माचं सोडून सगळं काही बोलले. स्वतःशी, भिंतीशी, सलाइनच्या बाटलीशी. बाई वाचल्या. डावा पाय मात्र अर्धा इंच आखूड राहिला, आणि तेवढ्यासाठी डाव्या चपलेला जाड तळ लावून घ्यावा लागला.

घरी सोडलं त्या दिवशी बाई नर्सच्या टेबलापाशी थांबल्या, मान कलती झाली, तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी चक्क त्यांच्या तोंडावर हात ठेवला. दवाखान्यातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. दवाखान्यातून, आणि ज्या घरात कोणी गेलेलं असेल तिथून. तिथून मुकाट उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. चष्मेवाल्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी हात आपोआप गेला. नर्स खो खो हसल्या. बाई पण हसल्या.

२

बोटीची तिकिटं मुलाने काढली होती. आठ दिवसांचा प्रवास, रोज वेगळं बंदर, आणि पाचव्या दिवशी एका लहानशा बेटावर दिवसभराचा मुक्काम.

बेट सकाळी नाश्त्याच्या वेळी खिडकीत आलं. एक हिरवी टेकडी, पायथ्याशी रंगीत पत्र्यांची एक ओळ आणि समुद्रात लांबवर आलेला सिमेंटचा धक्का. लाउडस्पीकरवरून तीनतीनदा बजावून झालं, की बोट चारला सुटेल, साडेतीनपर्यंत सगळे आत हवेत, कोणासाठीही थांबणार नाही. उतरायच्या दाराशी पांढऱ्या गणवेशातला अधिकारी प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावत होता. कार्ड लागलं की टिंग वाजायचं आणि पडद्यावर माणसाचा फोटो यायचा. टिंग, टिंग. नवरा-बायको बाहेर.

बेटावर रस्ता म्हणावा असा एकच. दोन्ही बाजूंना टोप्या, शंखांचे दिवे, फुलाफुलांचे शर्ट. बोटीवरची हजारभर माणसं त्या एका रस्त्यात कोंबलेली. अर्ध्या तासात बाईंना त्याचा वीट आला.

"दुकानं काय, सगळीकडे सारखीच. इथली माणसं कशी राहतात ते बघू या ना."

"ऊन बघ किती आहे. पाय दुखेल."

"दुखू दे. घरी काय कमी दुखतो?"

दोघं वरच्या गल्लीला लागली. गल्ली फरशीची, चढाची, कंबरेएवढ्या भिंतींमधून वळत जाणारी. बाई प्रत्येक खिडकीचा पडदा बघत होत्या, कुठे झालर, कुठे नुसतीच दुमड, आणि चष्मेवाल्यांना शिकवत होत्या. बाराच्या सुमाराला त्यांनी पर्समधून रक्त पातळ करायची गोळी काढली आणि हात पुढे केला. चष्मेवाल्यांनी बाटली उलटी करून दाखवली. पाणी त्यांनीच संपवलं होतं.

"कमाल आहे तुमची. एक घोट ठेवता येत नाही?"

"विसरलो. चल, कुठेतरी मागू."

३

गल्लीच्या टोकाला एक बसकं घर होतं. दार सताड उघडं. आत खाटेशेजारी एक बाई स्टुलावर बसलेली, दाराकडे पाठ करून. बाईंनी चौकटीवर टकटक केली, गोळी दाखवली, पाणी पिण्याची खूण केली. स्टुलावरच्या बाईने अर्धवट मान वळवली आणि हाताने कोपरा दाखवला. तिथे काचेचा जग होता, वर बशी झाकलेली, शेजारी पालथे घातलेले पेले.

बाईंनी सवयीने चपला दाराशी काढल्या. चष्मेवाले बुटांसकट आत आले आणि मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

खोली थंडगार होती, बाहेरच्या उन्हाच्या मानाने जरा जास्तच. भिंतीला लागून आठ-दहा खुर्च्या मांडलेल्या. लाकडी, प्लास्टिकच्या, एक वेताची, एक घडीची. एकीलाही दुसरीची जोडी नव्हती. इतक्या वेगवेगळ्या घरच्या खुर्च्या एका खोलीत कधी गोळा होतात, हे चष्मेवाल्यांच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी खाटेकडे पाहिलं. खाटेवर कोणीतरी होतं, आणि चादर डोक्यावरून ओढलेली होती.

जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेला माणूस. त्यांनी नजर बारीक केली आणि चादरीच्या मधल्या घडीवर रोखली. स्वतःचे वीस श्वास मोजले. घडी हलली नाही.

बाईंचा काळा चष्मा अजून डोळ्यांवरच होता. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यामुळे त्यांना कोणीतरी दुपारचं झोपलंय एवढंच दिसत असणार. त्या शांतपणे गोळी गिळत होत्या, पेला विसळून परत पालथा घालत होत्या, काठ पदराने पुसत होत्या. चष्मेवाल्यांनी डोळ्यांनी खुणावलं, चल. दवाखान्यातल्या त्या चार दिवसांची चव एकदम तोंडात आली होती आणि त्यांना तिथे एक क्षणही थांबायचं नव्हतं. ते बाहेर पडले, दोन पावलं चालले, आणि त्यांना आठवलं.

ते वळेपर्यंत उशीर झाला होता. बाई उंबऱ्यावर होत्या, चपला पायात, मान कलती.

"येते हं."

"ये हो," आतून आवाज आला. "वाट बघते."

आवाज बाईचा होता. झोपेतून नुकतंच उठलेल्या माणसाचा असतो तसा, घसा न खाकरलेला. आणि शब्द आपल्या भाषेतले होते, घरातल्यासारखे, कुठेही न अडखळता.

चष्मेवाल्यांना दारातून फक्त स्टूल दिसत होतं. त्यावरची बाई उठून उभी राहिली होती. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि ती खाटेकडे बघत मागे मागे सरकत होती.

४

"किती गोड बोलल्या," गल्ली उतरताना बाई म्हणाल्या.

चष्मेवाले मनात कारणं शोधत होते. बोटीवर आपल्याकडची पन्नास तरी माणसं होती. त्यांच्यातलंच कोणी त्या घरात असू शकतं. उन्हाने चक्कर आली, कोणी आडवं केलं, तोंडावर चादर घेतली उजेड नको म्हणून. खुर्च्या लग्नाच्या असतील. लग्नालाही खुर्च्या गोळा करतात. प्रत्येक उत्तर त्यांना पटत होतं आणि लगेच ते पुढचं शोधत होते.

धक्क्याच्या तोंडाशी एका झाडाखाली बाक होता, शेजारी सरबतवाल्याची गाडी. बाई बाकावर टेकल्या, पाय लांब केला, काळा चष्मा काढला. आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, त्यांना आपली भाषा कशी येत होती?"

"असेल कोणीतरी आपल्यातलं."

"खाटेवर कोण होतं?"

"आजारी बाई असेल."

"तोंडावरून पांघरूण होतं?"

"माशा असतात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत चष्मेवाल्यांना एकही थाप धड मारता आली नव्हती. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी 'येते' म्हणाले हो."

"म्हणालीस, तर काय बिघडलं? मीटरवाल्यालाही म्हणतेस. त्याच्याकडे गेलीस का कधी?"

"तो 'वाट बघते' म्हणाला नव्हता."

चष्मेवाल्यांना हसू आलं नाही. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. "हे बघ, इथूनच 'जाते' म्हणून टाक. मिटलं. मी ऐकतोय, साक्षीदार."

बाईंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. घसा साफ केला. "जा..." म्हणाल्या आणि थांबल्या. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. मग त्यांनी घाबरून नवऱ्याचा हात घट्ट धरला. "नाही हो म्हणता येत. तोंडच वळत नाहीये बघा."

जन्माची सवय आहे, दुसरं काही नाही, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला सांगितलं. पण बायकोचा पांढराफटक पडलेला चेहरा त्यांना बघवेना. दवाखान्यात त्यांना काहीच करता आलं नव्हतं. इथे निदान पायाखाली रस्ता तरी होता.

"मी जाऊन बघून येतो. जिवंत, धडधाकट बाई असेल, उठून बसली असेल. तुला तिचा फोटोच काढून आणतो. मग तर झालं?"

"मी पण येते."

"तुझ्या पायाने तिथवर पंचवीस मिनिटं लागतील. मी दहा मिनिटांत पोचतो. तू इथून हलू नकोस, सरबत घे. आलोच."

५

दहा मिनिटं म्हणाले खरे, पण सगळ्या गल्ल्यांचं तोंड सारखं. ते दोनदा चुकले, एकदा कोणाच्या तरी परसात जाऊन परत फिरले. शेवटी ते घर सापडलं तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. दार तसंच उघडं होतं. दारात काहीही नव्हतं.

आत कोणीच नव्हतं. स्टूल आडवं पडलेलं. खुर्च्या होत्या तशाच. खाट रिकामी, आणि चादरीची नीट चौपदरी घडी करून उशीवर ठेवलेली.

चष्मेवाल्यांना आधी बरं वाटलं. उठून गेली म्हणजे जिवंत होती. मेलेलं माणूस चादरीची घडी घालून जात नाही. आता एक फोटो काढायचा आणि निघायचं. पण आलोच आहोत तर बोलून टाकावं, असंही त्यांना वाटलं, आणि आपल्या या वाटण्याची लाज वाटत असतानाच ते रिकाम्या खाटेला म्हणाले, "ती येणार नाही. सवयीने बोलून गेली. तिचं काही मनावर घेऊ नका."

ते थांबले. कोणी उत्तर देईल म्हणून आपण थांबलोय, हे कळल्यावर त्यांनी फोटो काढायला खिशात हात घातला. मोबाइल केबिनमध्येच राहिला होता. खिसे पुन्हा पुन्हा चाचपण्यात, खुर्च्यांच्या खाली वाकून बघण्यात, कोणी येतंय का याची वाट बघण्यात किती वेळ गेला, हे त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक दार होतं आणि त्यावर जाड पडदा. पडद्यापलीकडे कोणीतरी चालत होतं. एक पाऊल, मग जरा फरपट. एक पाऊल, मग फरपट. हे चालणं ते गेलं वर्षभर घरात ऐकत होते. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत.

"अहो?"

चष्मेवाले एक पाऊल मागे सरकले.

"अहो, तुमचाच आवाज ना? जरा इकडे या. मला दार सापडत नाहीये."

पडदा हलला. त्याच्या कडेजवळ आतून बोटं चाचपडत होती. कापड चिमटीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. कड बोटभर अंतरावर होती आणि ती बोटांना मिळत नव्हती.

बायको बाकावर आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. मी तिला बसवून आलोय. तिच्या पायाने पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे आत जे आहे ते ती नाही. चोख हिशोब होता. दोनदा रस्ता चुकल्याचं आणि इथे घालवलेल्या वेळाचं त्यात काही आलंच नाही. जन्मभर कशावर विश्वास न ठेवलेला हा माणूस नेमका त्या घटकेला हे मानून बसला, की कोणीतरी बायकोच्या आवाजात आपल्याला आत बोलावतंय.

"अहो, ऐकताय ना? इथे फार गार आहे हो."

ते पळाले. दारातून उडी मारून बाहेर पडताना त्यांना खाली चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या, आत तोंड केलेल्या. डाव्या चपलेचा तळ अर्धा इंच जाड होता.

त्यांनी त्या ओलांडल्या आणि मागे न बघता गल्ली उतरायला लागले.

६

बाई बाकावर होत्या.

सरबताचा पेला हातात, पर्स मांडीवर, नजर समुद्राकडे. चष्मेवाले बाकावर धप्पकन बसले आणि चारचौघांत रडायला लागले.

"अगंबाई, काय झालं?"

"काही नाही. काही नाही. तू आहेस ना इथे?"

"मग कुठे असणार? तुम्हीच बसवून गेलात."

वर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. बाईंच्या पायांकडे बघायचं त्यांनी का टाळलं, हे तेव्हा त्यांचं त्यांनाही समजलं नाही. बायको शेजारी बसली होती, तिचा खांदा आपल्या खांद्याला लागत होता, आणि जगात त्यांना दुसरं काही नको होतं.

"चला, तीन वाजून गेले. बोट निघून जाईल आपली," बाई म्हणाल्या आणि उठल्या. हाताचा आधार न मागता उठल्या. सरबतवाल्याला पेला परत दिला आणि हसून म्हणाल्या, "बरंय. जाते."

चष्मेवाले थबकले. "म्हणालीस की!"

"काय म्हणाले?"

"जाते म्हणालीस."

"मग? जायचंच आहे ना?"

सुटलो बुवा, असं चष्मेवाल्यांना मनापासून वाटलं. मघाशी अडलेला शब्द आपसूक बाहेर पडला होता, म्हणजे भीतीच गेली होती. धक्क्यावरून चालताना त्यांनी बायकोचा दंड धरला होता, आणि तिच्या चालीशी जमवून घ्यायला या खेपेला त्यांनाच पावलं भरभर टाकावी लागत होती. गोळीने आराम पडला असेल. समुद्राची हवा मानवते काही जणांना.

दाराशी अधिकाऱ्याने कार्डं लावली. टिंग, टिंग. पडद्यावर दोघांचे फोटो. दोघं आत.

लिफ्टपाशी ही गर्दी होती. "जिन्याने जाऊ या," बाई म्हणाल्या आणि चढायलाही लागल्या. नऊ मजले. चष्मेवाले मागून धापा टाकत चढत होते आणि बाईंचे पाय त्यांच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, एकेक पायरी वर जात होते. चपला त्याच होत्या. तोच तपकिरी पट्टा, तेच बक्कल. तळ मात्र दोन्ही सारखे होते.

उन्हाने डोळे दिपलेत, चष्मेवाल्यांनी स्वतःला सांगितलं. हेच वाक्य ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मग पायऱ्यांकडे न बघता कठड्याकडे बघत उरलेले मजले चढले.

७

चारला भोंगा झाला. वरच्या डेकवर सगळे कठड्याला येऊन उभे राहिले. तिथे उभ्या खांबावर मोठी दुर्बीण बसवलेली होती. मुलं तिच्यावरून उतरली तशी चष्मेवाले पुढे झाले. दुर्बीण दिसली की भिंग कसलं आहे ते बघायचं, ही जुनी खोड.

बोट धक्क्यापासून सुटली होती. मध्ये पाण्याचा रुंद पट्टा तयार होत होता. भिंगात आधी रंगीत पत्रे आले, मग झाड, मग झाडाखालचा रिकामा बाक. आणि मग गल्लीच्या तोंडातून एक बाई बाहेर आली.

ती घाईत होती. एक पाऊल टाकत होती आणि दुसरा पाय ओढत होती. पाय अनवाणी होते. तापलेल्या सिमेंटवर ती चटके बसत असल्यासारखी चालत होती आणि चपला तिच्या हातात होत्या. साडी निळी, काठ पांढरा. सकाळी त्या काठाची निरी चष्मेवाल्यांनीच खाली बसून धरली होती.

ते गर्दीतून वाट काढत पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यापाशी पोचले आणि त्याचा हात धरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडायला लागले, "थांबवा. बोट थांबवा. माझी बायको खाली राहिली. मी तिला तिथे सोडून आलो."

अधिकाऱ्याने खोली नंबर विचारला, हातातल्या यंत्रात पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. यंत्राचा पडदा त्याने चष्मेवाल्यांपुढे धरला. दोन गेले होते, दोन आले होते. मग त्याने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि अदबीने मान लववली.

"अहो, मी इथे आहे," मागून बाई म्हणाल्या. अधिकाऱ्याला त्यांनी हाताने खुणावलं, ऊन लागलंय यांना. तो समजुतीने हसला. त्यांनी चष्मेवाल्यांच्या दंडात हात अडकवला आणि त्यांना परत कठड्याशी नेलं. हात नेहमीचाच होता. सुईने टोचून टोचून टणक झालेलं तर्जनीचं टोकही जिथल्या तिथे होतं. त्या स्पर्शात ओळखू येणार नाही असं काहीच नव्हतं, आणि त्यानेच चष्मेवाले मुळापासून हादरले.

त्यांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

ती धक्क्याच्या टोकापर्यंत आली होती. यापुढे जायला जागा नव्हती. कपाळावर आडवा हात धरून ती बोट न्याहाळत होती. खालचा मजला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. एकेक चेहरा बघत होती. वरच्या डेकवर तिची नजर आली, सरकली, आणि थांबली.

तिला ते दिसले. ओठ हलले. 'अहो' असणार, दुसरं काय असणार. तिने चपला धरलेला हात वर केला, आणि तो तसाच अर्ध्यात राहिला. नजर त्यांच्यावरून किंचित डावीकडे गेली होती, त्यांच्या दंडात हात अडकवून कोण उभं आहे तिकडे.

ती बराच वेळ बघत होती. मग हात खाली आला. तिने वाकून चपला सिमेंटवर ठेवल्या, एकेक करून पायात सरकवल्या, आणि ती वळली. लंगडत, सावकाश, ती आल्या वाटेने गल्लीकडे चालायला लागली.

"अगं!" चष्मेवाले ओरडले. पोटातून, सगळा जीव एकवटून. "अगं ए! अगं थांब!"

"ओ," दंडाशी आवाज आला. "इथेच तर आहे मी. ओरडताय कशाला?"

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला 'अगं'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. घरात नाही, बाजारात नाही, दवाखान्यात ती डोळे उघडत नव्हती तेव्हाही नाही. ती हाक आता शेजारीच घेतली जात होती, पलीकडे पोचतच नव्हती. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, छातीत मावेल तेवढी हवा भरली, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला नावाने हाक मारली.

धक्का आता दूर गेला होता. गल्लीच्या तोंडाशी निळा ठिपका होता, तो वळला नाही.

"अय्या!" शेजारची लाजून म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "नाव घेतलंत आज माझं."

आजूबाजूची चार माणसंही कौतुकाने हसली.